दुखवट्याचं लुगडं

पौड मागं पडून तास होऊन गेला, तरी तुळजाबाई एक शब्द बोलली नव्हती. डोक्यावर गाठोडं, एक हात गाठोड्याला, आणि चाल अशी की मागून येणाऱ्या रत्नाबाईला मधूनमधून पळतच तिला गाठावं लागत होतं. वैशाखाचे दिवस. नऊ वाजायच्या आतच रस्त्याची धूळ वहाणेतून चटके द्यायला लागली होती. सासरच्या भुकुमाहून पौडापर्यंत एसटी मिळाली होती. पुढं माल्यापर्यंत गाडीरस्ता, आणि माल्यावरून धरणाच्या कडेकडेनं वाडीची पायवाट. चार कोस तरी सहज भरत होतं.

वाडी हे तुळजाबाईचं माहेर. तिच्या थोरल्या भावाच्या, हैबतरावाच्या मुलीचं आज तिथं गोरज मुहूर्तावर लग्न होतं. तुळजाबाई नवरीची सख्खी आत्या. रत्नाबाई तिची धाकटी जाऊ, सोबतीला निघालेली.

पण लग्नाला निघालेली आत्या म्हणून तुळजाबाईला कुणी ओळखलं नसतं. अंगावर विटकं जांभळं लुगडं, तेही मधोमध दंड घालून जोडलेलं. हातात गेल्या वर्षीच्या बांगड्या, फुटून फुटून दोन-दोन उरलेल्या. चांगलं लुगडं नव्हतं असं नाही. गाठोड्यात अगदी वर, कागदात गुंडाळलेलं कोरं हिरवं लुगडं होतं. ते नेसायचं की नाही, हे काही तिचं ठरत नव्हतं.

गेल्या आषाढात दोघींचे सासरे वारले. तेराव्याला रत्नाबाईचा भाऊ रिह्याहून भर पावसात आला. बहिणीला लुगडं-चोळी, मेव्हण्याला फेटा, आणि तोंडात घालायला गुळाचा खडा. दुखवटा काढायचा तो असा, माहेरच्या माणसानं आणि माहेरच्या कापडानं. त्याशिवाय बाईनं कोरं नेसायचं नाही, नवी बांगडी भरायची नाही, कुणाच्या शुभकार्यात पुढं व्हायचं नाही. तुळजाबाईकडून कुणीच आलं नाही. तेराव्याला ती दिवसभर सोप्याच्या खांबाला टेकून वाटेकडं बघत बसली होती. मग पंचमी गेली, दिवाळी गेली, संक्रांत गेली. गावात हळदीकुंकू असलं की ती शेताकडं निघून जायची. घरातल्या पुरणाची पोळीसुद्धा तिनं तोंडाला लावली नाही. विचारलं तर म्हणायची, "दात दुखतोय."

तिचा नवरा कोंडाजी. त्याच्याही डोक्याला फेटा आला नव्हता, म्हणून तो लग्नाला यायला साफ नाही म्हणाला. पण बायकोसाठी त्यानं पुण्याहून ते हिरवं लुगडं आणलं आणि पुढ्यात टाकलं. "हे नेस आन जा. कोन इचारतंय?"

सगळेच विचारणार होते, हे त्यालाही माहीत होतं.

सकाळी निघताना रत्नाबाईनं मुद्दाम जुनं लुगडं काढलं होतं. अक्का विटक्यात आणि आपण डाळिंबीत, हे तिला बरं वाटेना. तुळजाबाईनं चुलीपुढून नुसतं वळून पाहिलं. "चांगलं नेस. तुझा दुखवटा निघालाय. तूबी विटकं नेसलीस तर लोक म्हनतील, भुकुमाच्या दोन्ही सुनांची माहेरं मेली." रत्नाबाईनं मुकाट्यानं डाळिंबी नेसलं. भावानं तेराव्याला दिलेलं तेच.

आता चालताना त्या लुगड्याचा काठ पायाला लागला की तिला ते लुगडं नकोसं होत होतं. कारण तुळजाबाईचा भाऊ का आला नाही, हे रत्नाबाईला आठ दिवसांपूर्वी कळलं होतं. आणि ते तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

रत्नाबाई मराठी सातवी पास. घरातलं लिहिणं-वाचणं तिच्याकडंच. सासरे वारले तेव्हा नद्या-ओढे भरून वाहत होते, वाडीपर्यंत माणूस धाडणं शक्यच नव्हतं. म्हणून दीर म्हणाले, कार्ड टाक. तिनं एका बैठकीत सहा कार्डं लिहिली. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. सासऱ्यांनी तिला कधी चढ्या आवाजात 'अगं' म्हटलं नव्हतं, आणि रोज संध्याकाळी तिच्याकडून पोथी वाचून घ्यायचे. पाच कार्डं बरोबर गेली. सहावं, वाडीचं, लिहिताना हात सवयीनं गेला आणि माथ्यावर आधी 'श्री' उमटला. मयताच्या कार्डावर श्री घालत नाहीत, हे शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असतं. तिच्या ते ध्यानातच आलं नाही. मयताच्या कार्डाचा कोपरा फाडतात, तोही फाडायचा राहिला. कार्ड तसंच टपालात पडलं.

हे तिला कळलं ते नथूमुळं. नथू वाडीचा न्हावी, लग्नाच्या अक्षता घेऊन आला होता. पाणी प्यायला परसात आला तेव्हा हळूच म्हणाला, "धाकल्या वैनी, तुमी लिवता न्हवं? मंग हे आसं कसं झालं?" हैबतरावाला अक्षर येत नाही, पण श्री तेवढा ओळखतो. वर श्री बघून त्याला वाटलं चांगल्या बातमीचं कार्ड आहे. वाचणारा एकटा मास्तर, तो पावसामुळं आपल्या गावी अडकलेला. तोवर ते कार्ड कुठं ठेवलं, तर देव्हाऱ्यात.

"आता तुमीच बगा," एवढं बोलून नथूनं तांब्या पालथा घातला.

माल्याच्या पुढं पाणी दिसायला लागलं. उन्हाळ्यामुळं धरण खूप खाली गेलं होतं आणि कडेचा चिखल वाळून भेगाळला होता. एका आंब्याखाली तुळजाबाई थांबली, गाठोडं उतरवलं आणि कागद उलगडून हिरव्या लुगड्याचा काठ बोटांत धरला.

"काय नेसू मी, रत्ना?" ती म्हणाली. पौड सोडल्यापासून पहिल्यांदाच. "हे जांभळं नेसून मांडवात गेले, तर व्याह्यांच्या देखत दादाची मान खाली जाती. भनीचा दुखवटा काढला न्हाई आन पोरीचा मांडव घातला म्हनतील. हिरवं नेसले तर म्हनतील, कुनी काढला? मी काय सांगू? मालकांनी दुकानातनं आनलं?" ती जराशी हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "आन नाचक्की करून आले, तर पुना ह्या वाटंनं यायचं काम न्हाई."

आता नाही बोललं तर कधीच बोलणं होणार नाही, हे रत्नाबाईला कळत होतं. तिनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि सांगून टाकलं. कार्ड, श्री, देव्हारा, नथू. सांगताना तिची नजर तुळजाबाईच्या पायांवर होती. टाचेच्या भेगांत पांढरी धूळ बसली होती. याच बाईनं तिला भाताच्या चिखलात उभं राहायला शिकवलं होतं. ही पुस्तकं वाचणारी सून काय लावणी करणार, म्हणून बाया हसल्या तेव्हा "तुमी लावा, ती तुमाला मोजून दाखवंल" म्हणून गप्प केलं होतं.

सांगून झालं. रत्नाबाईनं वर पाहिलं. तुळजाबाई पाण्याकडं बघत होती.

"आठ दिस झाले नथूला येऊन," ती म्हणाली.

"व्हय."

"आन मी आठ दिस इचारती तुला, दादा का आला नसंल. तू म्हनायचीस, पाऊस असंल."

रत्नाबाईला रडू फुटलं. "अक्का, मला मारा. मी चालते ना तुमच्यासंगं, मी पाया पडून सांगते त्यांला, चूक माझी हाय म्हनून."

"गप बस. हितं रडू नगंस, लग्नाला चाललोय." तुळजाबाईनं हिरवं लुगडं परत कागदात गुंडाळलं, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि चालायला लागली. पुढच्या कोसभर तिनं मागं वळून पाहिलं नाही. रत्नाबाईला वाटत होतं, ही आता चारचौघांत माझं नाव घेणार, आणि घेतलं तर बरोबरच आहे.

वाडी दिसायला लागली. ताशाचा आवाज वाऱ्यावर तुटक तुटक येत होता. पण तुळजाबाई वाडीत शिरली नाही. अलीकडं पाण्याची विहीर होती, तिच्या कट्ट्याजवळ आंब्याच्या सावलीत ती बसली. विहिरीवर चंद्राबाई म्हणून भावकीतली एक म्हातारी पाणी ओढत होती. तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"कोन, तुळजा? आगं मांडव तिकडं हाय. हितं काय विहिरीचं लगीन लावतीस?" मग तिची नजर लुगड्यावर गेली आणि आवाज उतरला. "आजून ह्येच?"

"चंद्राकाकी, दादाला म्हनावं, तुळजा विहिरीवर बसलीया. त्याला बोलिवलंय."

"नवरीच्या बापाला? आत्ता?"

"आत्ताच."

म्हातारी घागर तशीच ठेवून गेली. लग्नघरात ही बातमी आता कशी पसरणार हे दोघींनाही कळत होतं. रत्नाबाईनं पदर नीट केला, पुन्हा नीट केला. ताशा थांबला, पुन्हा सुरू झाला. वाडीच्या तोंडाशी दोन-तीन बायका येऊन उभ्या राहिल्या आणि इकडं बघून कुजबुजायला लागल्या.

हैबतराव आला तो ताडताड. नवं धोतर, गुलाबी फेटा, हाताला हळद. दहा पावलांवरच थांबला.

"मांडवात यायचं सोडून हितं कशापाई बसलीस? तमाशा दावायचाय?"

"कुठलं लुगडं नेसून येऊ, ते इचारायला." तुळजाबाईनं हिरवं लुगडं कट्ट्यावर ठेवलं. "अंगावर हे हाय. आन हे कोरं हाय. तू सांगशील ते नेसती."

"मी काय तुझ्या पेट्या धुंडाळाय येतो? नेस की कुठलंबी."

"हे नेसले तर तुझी इज्जत जाती. कोरं नेसले तर दुखवटा कुनी काढला म्हनून इचारतील. तुझं नाव घेऊ? खोटं?"

हैबतरावाचा चेहरा लाल झाला. "दुखवट्याचं नाव काढू नगंस माझ्यापुढं. मयताचं कार्ड, आन वर श्री? सतरा दिस माझ्या देव्हाऱ्यात हुतं ते. रोज आंघूळ करून मी त्याच्यावर फूल वाहिलं. पोरीच्या सोयरिकीचं असंल म्हनून गुळाची ढेप फोडून ठेवली, मास्तर आला की वाटायची म्हनून. मास्तर आला आन वाचून दावलं." त्यानं वाडीकडं हात केला. "सगळ्या वाडीनं बघितलं. ज्या घरात मी माझी भन दिली, त्या घरानं माझ्या देवापुढं सुतक ठेवलं. का? माझं काय चुकलं हुतं?"

रत्नाबाई उठली. "दादा," तिनं सुरुवात केली.

"तू बस," तुळजाबाई म्हणाली. आवाज चढला नाही, पण रत्नाबाई बसली.

"दादा, ते माझं काम हाय," तुळजाबाई म्हणाली. "जाऊ लिवीत हुती, मी शेजारी बसले हुते. मी म्हनले, वर देवाचं नाव घाल. ती न्हाई म्हनत हुती. आसं घालत न्हाईत अक्का, म्हनली. मीच दटावलं तिला. मामंजी देवमानूस, त्यांच्या कार्डावर देव नगं व्हय, म्हनले. मला काय ठाव कार्डाची रीत? आपल्या घरात कार्ड आलं कवा?"

उभ्या जन्मात अक्कांना खोटं बोलताना रत्नाबाईनं ऐकलं नव्हतं. बाजारात शेरभर जादा तांदूळ आला तरी परत करायला जाणारी बाई. विहिरीच्या पलीकडं वाघजाई देवीची घुमटी होती, शेंदूर लावलेली. रत्नाबाईला तिकडं बघवेना.

"तू सांगितलंस?" हैबतराव म्हणाला.

"मीच."

"आन हिला एवढं शिकून कळंना? ऐकलं तुझं?"

"थोरल्या जावंचं ऐकंल न्हाई तर काय करंल? घरात ऱ्हायचंय तिला."

हैबतराव तिच्याकडं बघत राहिला. रागानं निघून जायचं असतं तर तो लगेच गेला असता. पण तो हलला नाही. त्याची नजर जांभळ्या लुगड्याच्या त्या दंडावर खिळली होती. मग तो कट्ट्यावर टेकला, फेटा जरा मागं सरकवला आणि कपाळ पुसलं. हळद कपाळाला लागली.

"येडी हायेस," तो म्हणाला. "लहानपनापासनं येडीच. मला वाटलं, कोंडाजीनं डाव साधला. मानपानाचा राग काढला."

"त्यास्नी अजून म्हाईत बी न्हाई."

"धा म्हैने ह्याच लुगड्यात हायेस?"

"एक हिरवट बी हुतं. ते फाटलं."

तो उठला. "थांब हितंच. वैनीला धाडतो." आणि आला तसाच गेला, पण आता पाय सावकाश पडत होते.

रंभाबाईला यायला घटकाभर वेळ लागला. हैबतरावाची ही बायको अंगानं दणकट आणि तोंडानं त्याहून. पदराखाली काहीतरी झाकून आणलेलं. आल्याआल्या तिनं दोघींवरून नजर फिरवली.

"आत्याबाईंचा मुहूर्त आमच्या मुहूर्ताआधी काढलाय म्हनं." तिनं पदराखालून लुगडं काढलं, मोहरीच्या फुलांच्या रंगाचं, तांबड्या काठाचं. "मांडवातलं कोरं देता येत न्हाई. त्याला हळद लागलीया, ते मंगलाचं हाय. दुकान पौडाला. म्हनून हे माझं. दोनदा नेसलंय, खोटं सांगत न्हाई. चालतंय का?"

"चालतंय, वैनी."

"सगळी वाडी वळखती हे लुगडं. म्हनतील रंभीनं उतरवलेलं दिलं."

"म्हनू दे. तुझं म्हनून वळखलं तर बरंच हाय."

रंभाबाई जरा गडबडली. मग तिनं लुगडं आणि चोळीचा खण तुळजाबाईच्या ओटीत ठेवला, कमरेचा गुळाचा खडा काढला आणि तिच्या तोंडापुढं धरला. तुळजाबाईनं तोंड उघडलं. गूळ जिभेवर पडला तशी तिची हनुवटी हलायला लागली, पण तिनं दात घट्ट मिटून तो चावला.

"हे हिरवं कुनाचं?" रंभाबाईनं कट्ट्याकडं बोट दाखवलं.

"मालकांनी आनलंय."

"मग आता हेच नेस की. दुखवटा निघाला. कोऱ्यात ये."

"आज तुझं नेसती," तुळजाबाई म्हणाली. "हिरवं दिवाळीला."

रंभाबाईनं तिच्याकडं नीट बघितलं, आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडून टोमणा आला नाही. "लवकर ये. आत्याशिवाय पोरगी अडून बसलीया," म्हणून ती वळली. जाता जाता वाडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बायकांवर खेकसली, "काय बगताय? माझी नणंद हाय, माकडीण न्हाई."

आंब्याच्या बुंध्यामागं तुळजाबाई लुगडं बदलायला गेली. रत्नाबाई पाठ करून, गाठोड्याचं धडपं दोन्ही हातांनी आडोशाला पसरून उभी राहिली. ताशा आता जोरात वाजत होता.

"अक्का," ती म्हणाली, "माझ्यापाई देवीम्होरं खोटं बोललात. लगीन लागू दे, मी दादांना सगळं सांगून टाकते."

"न्हाई सांगायचं." मागून लुगड्याची सळसळ ऐकू आली. "तुला लिवता येतं, रत्ना. तुझ्या हातनं चुकलं, असं कोन मानंल? मुद्दाम केलं म्हनतील, आन दोन घरं कायमची तुटतील. मला अक्षर येत न्हाई. माझी चूक येडी म्हनून मिटती. बघितलंस न्हवं आत्ता, कशी मिटली."

"पर त्यांच्या मनात ऱ्हाईल ना? रोज देव्हाऱ्यापुढं बसले की आठवंल, भनीनं केलं म्हनून."

सळसळ थांबली. रत्नाबाईला वाटलं आपण बोललो ते चुकलं. तिनं मान थोडी वळवली. तुळजाबाई निऱ्या हातात धरून तशीच उभी होती, खाली बघत.

"ऱ्हाईल," ती म्हणाली. "ते मला बी लागतंय." मग तिनं निऱ्या खोचल्या, कासोटा मारला, पदर डोक्यावर घेतला आणि समोर येऊन उभी राहिली. पिवळं लुगडं तिला जरा आखूड होत होतं. "मी हाय तवर गप ऱ्हा. मला हे माहेर पायजे. दादा आधी गेला तर देव सांगंल त्याला. पर मी आधी गेले, तर तू ह्या वाटंनं ये, दादाच्या म्होरं बस आन सांग त्याला, तुळजीनं न्हवतं लिवायला सांगितलं म्हनून. एवढं करशील न्हवं माझ्यासाठी?"